लडकू गुरवाच्या दातातले पान

भिवंडी,
बुधवार, २ जानेवारी १९७४

प्रिय राघो,

मावशीच्या खोकल्याचे औषध पोचले असेल. इकडे थंडी पडली आहे, लूम चालू आहेत, युनियनच्या कामात दिवस पुरत नाही. मावसभावाशी बोलून झाले. आता संपादकाशी बोलतो.

तुझ्या साप्ताहिकाचा बावीस डिसेंबरचा अंक समोर आहे. पहिल्या पानावर दोन रकाने: 'देवीचा चांदीचा मुखवटा घेऊन पुजारी फरार'. शेलारच्या लडकू गुरवाचे नाव, बापाच्या नावासकट. 'नारपोलीत आमच्या प्रतिनिधीने गाठले असता, टोपलीत काय आहे या प्रश्नावर तो निरुत्तर झाला आणि निर्लज्जपणे विडा चघळत पुढे निघून गेला.'

तू ठाण्यात वाढलास, म्हणून सांगतो. भाताची झोडणी उरकली की आमच्या शेलारची गावदेवी राहनाळला माहेरी जाते. गुरव मुखवटा टोपलीत ठेवतो, वर हिरवा खण झाकतो आणि डोक्यावर घेऊन अनवाणी निघतो. वाटेत एक शब्द बोलायचा नाही. चुकूनही ओठ उघडू नयेत म्हणून दातात आंब्याचे पान धरायचे. राहनाळला देवीच्या माहेरचा मान असलेल्या पुतळाबाईच्या घरी नव्या भाताच्या राशीवर देवी बसते आणि पौषातल्या पुनवेला परत येते. फरार माणूस भर दुपारी, शिफ्ट सुटलेल्या गर्दीतून, चोरीचा माल डोक्यावर मिरवत चालतो का रे? तुझ्या बातमीदाराने शेलारात एका म्हातारीला विचारले असते तरी पुरे होते. पण त्याला उत्तर नको होते, मथळा हवा होता.

पोलीस राहनाळला गेले, भातावर बसलेला मुखवटा पाहिला, पुतळाबाईच्या हातचा चहा पिऊन परत आले. ते छापलेस? एक ओळ तरी?

इकडे पोरे भडकली. लडकूच्या अंगणात शेण पडले. त्याची बायको ठमाबाई विहिरीवर गेली, तर बाया म्हणाल्या, "काय गो ठमे, चांदीचे पैंजण कवा घालतेस?" ती भरलेली कळशी तिथेच ओतून घरी आली.

रविवारी गावकी बसली. म्हातारे महादू पाटील म्हणाले, "लडकू चोर न्हाय, आमाला ठाव हाय. पन छापून आलंय ना! त्याच्या डोक्यावर देवी दिली तं ही पोरं टोपली खाली पाडतील. पेपरवाल्यानं लिवलंय, पेपरवाल्यानंच पुसावं." येत्या मंगळवारी पुनव आहे. तोवर तू पुसले नाहीस, तर देवी दुसऱ्याच्या डोक्यावरून येईल आणि लडकूच्या पणज्यापासून चालत आलेली पूजा त्याच्या घरातून जाईल. चोर म्हणून.

मी देव मानत नाही. माणसाचे नाव मानतो. ते तू रद्दीच्या भावाने विकलेस.

पोरे भडकली, असे वर लिहिले. आपोआप भडकली नाहीत. तेवीस तारखेला नारपोलीच्या चौकात आमची सभा होती. धर्माच्या नावाने चालणाऱ्या लुटीवर मी बोलत होतो. कोणीतरी तुझा अंक हातात दिला आणि मी तो वाचून दाखवला. 'विडा' या शब्दापाशी जीभ अडली. राघो, ते पान मला माहीत होते. लहानपणी लडकूच्या बापासाठी ते पान मी आणि लडकूच झाडावर चढून तोडायचो. समोर हजार माणसे होती, शिट्या होत्या, टाळ्या होत्या. मी 'विडा' असेच वाचले. लोक हसले, म्हणून पुन्हा वाचले, आणखी मोठ्याने.

काल लडकूकडे गेलो. तो ओट्यावर बसला होता. मी तासभर बोललो. तुला शिव्या घातल्या, तुझ्या बातमीदाराला घातल्या, साऱ्या छापखान्यांना घातल्या. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "त्या पेपरवाल्याला ठाव नव्हतं. तुला तं ठाव व्हतं ना रं, बाळा?"

तुझा बातमीदार तिथे असता, तर 'निरुत्तर' हा शब्द त्याला बरोबर जागी वापरता आला असता.

टपालाला वेळ नाही, म्हणून पत्र माणसाहाती पाठवतो आहे. शनिवारच्या अंकात, पहिल्या पानावर, तेवढ्याच जाड अक्षरांत, बातमी खोटी होती असे छाप. आत बाजारभावांखाली दडवू नकोस. माझे नावही घाल: खोटे आहे हे ओळखूनही याने ते भर सभेत वाचले. तू छापलेस तर रविवारी त्याच चौकात तुझा अंक वाचेन. नाही छापलेस, तर अंकाशिवाय हेच सांगेन, आणि तुझे नाव घेऊन सांगेन.

मंगळवारी टोपली लडकूच्याच डोक्यावर येईल, यासाठी मी गावाच्या पाया पडणार आहे. त्याच्या पुढे मी चालेन. शेण पडायचे ते माझ्यावर पडू दे. मीही दातात पान धरणार आहे.

लडकूच्या दारातल्या आंब्याचे एक पान या पाकिटात घातले आहे. छपाईचे खिळे जुळवायला बसण्याआधी ते हातात घेऊन बघ, विडा असा दिसतो का.

त्याचा गुन्हेगार आणि तुझा भाऊ,
बाळाराम