आमच्या घरची दहा मिनिटं

खडकी, पुणे

ती. दादास,

तनुजाचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली पत्रातच वाकता येतं.) नागपूरचं ऊन आणि तुझी साखर, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी इंग्रजी अक्षर घोटवून घेतलं, मराठीला कुणी विचारलं नाही. तेव्हा सांभाळून वाच.

रविवारी दहाला तू कॉम्प्युटरवर कॉल केलास आणि यांनी तो कापला, त्याचं कारण सांगायला हवं. आमचं भिंतीवरचं घड्याळ यांच्या फॅक्टरीच्या दिवसांपासून दहा मिनिटं पुढे असतं. ते यांना ठाऊक आहे, तरी विश्वास त्याच्यावरच. (पुण्यात अशी घरं पुष्कळ. सगळी वेळेआधी पोचून दुसऱ्यांना नावं ठेवतात.) अभिनवनं आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची नवी सिस्टीम घातली, तर त्याची वेळ भिंतीशी जुळेना. हे त्याची वेळ पुढे करायचे, तो आपला परत मागे. शेवटी यांनी आपोआप वेळ लावायची सोयच बंद केली. मग भिंत आणि कॉम्प्युटर एकमतानं सांगू लागले की तू दर रविवारी उशीर करतोस.

परवा अभिनव हडपसरहून आला तो हसतच. म्हणे, आईची मेल तिनं लिहिण्याआधीच मला पोचते! काळ्या खिडकीत काहीतरी टाइप करून त्यानं चौकशी केली. उत्तर आलं, घड्याळ जुळलेलं नाही. सोय चालू केली, जरा थांबून पुन्हा विचारलं. जुळलं.

"बाबा, तो नेटवरच्या खात्रीच्या घड्याळांना विचारून वेळ लावतो."

"दुसऱ्याला विचारून चालणारे फॅक्टरीत खूप पाहिले. सगळे उशिरा यायचे."

अभिनव म्हणाला, चूक थोडी असेल तर तो घड्याळ एकदम मागे ओढत नाही. किंचित हळू चालवतो, चालू कामांना धक्का नको म्हणून. मी ऐकतच राहिले. संसारात मी दुसरं काय केलं, दादा?

निवृत्तीनंतर लवकर पोचावं असं ठिकाणच यांना उरलेलं नाही. एक तुझा रविवार आहे. इस्त्रीचा शर्ट घालून पडद्यासमोर बसतात, आणि तू येईपर्यंतची दहा मिनिटं त्यांना फार लांब जातात. त्या रविवारी म्हणाले, "तुझ्या दादाला माझा कंटाळा आलाय. मेहुणा म्हणून निभावतोय बिचारा." आणि कॉल कापला.

म्हणून लिनक्सची रीत मी भिंतीवर लावली आहे. रोज पुसताना काटा केसभर मागे. कुणाला कळायचं नाही.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
तनुजा

ता. क. तोवर रविवारी दहाला दहा कमी असतानाच कॉल कर. महिनाभराचाच प्रश्न आहे.

आणखी एक. पाकीट चिकटवण्याआधी घड्याळ पाहिलं. पुन्हा पूर्ण दहा मिनिटं पुढे! हे पेपरात तोंड घालून बसलेत. तेव्हा महिन्याचं विसर, कायमचाच लवकर कर. आणि मी लिहिलं असं बोलू नकोस. "आज राहवलं नाही," एवढंच म्हण.