फ्रिग्गदिवसाच्या वीस सह्या

४ ऑक्टोबर, सकाळी ७.१०
आजपासून शुक्रवारला ‘उपासदिवस’ म्हणणार नाही. नऊशे वर्षांपूर्वी एका बिशपने वारांवरची देवांची नावं खरवडून काढली, शुक्रवारचा ‘उपासदिवस’ केला, आणि आइसलँड अजून ऐकतंय. वार मुळात देवराज ओडिनच्या राणीचा, फ्रिग्गचा. म्हणून फ्रिग्गदिवस. नगरपालिकेकडे अर्ज करणार. वीस सह्या लागतात. किरकोळ.

११ ऑक्टोबर, फ्रिग्गदिवस
२५ला ग्रंथालयात व्याख्यान. तिथेच सह्या. एकेचाळीस पानं तयार, तळटीपा वेगळ्या. ग्रंथपाल अल्दिस म्हणाली, फलकावर कंसात ‘उपासदिवस’ लिहू या, लोकांना कळेल. साफ नकार. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१८ ऑक्टोबर, फ्रिग्गदिवस
बायकोला, स्वालाला, बारा पानं वाचून दाखवली. फ्रिग्गला सगळ्यांचं भविष्य ठाऊक, पण ती बोलत नाही. स्वाला म्हणाली, तिला कुणी बोलू दिलं नसेल. विणणं थांबवलं नाही. मन लावून ऐकत होती.

२२ ऑक्टोबर
जागृती! पोहण्याच्या तलावाच्या गरम कुंडात कोल्बेन मासेवाल्याने आपणहून विचारलं, राणीच्या दिवशी करायचं काय असतं? म्हटलं, सन्मान. फुलं चालतील का, म्हणाला. मिश्कील माणूस.

२४ ऑक्टोबर
बेकरीत क्रीम भरलेले ‘फ्रिग्गबन’. डोळे पाणावले. साठ खुर्च्या मांडायला सांगितल्या.

२५ ऑक्टोबर, फ्रिग्गदिवस, संध्याकाळी ८.२०
श्रोता एक. अल्दिस, हातात किल्ल्या.
“अरे ग्रीमुर, बायकोदिवसासारखाच सण ना हा, नवऱ्यांनी बायकोला फुलं द्यायचा? आज कोण येणार? घरोघरी मेजवानी आहे.”
आमच्या भाषेत वाराच्या नावातही ‘दिवस’ आणि सणाच्या नावातही ‘दिवस’. हा धोका तळटीप सतरामध्ये नोंदवला होता. सह्या: एक. माझी.

८.५०
घरी स्वाला ठेवणीतला ड्रेस घालून बसलेली. कोकराचं मटण गार. फुलदाणी रिकामी.
“गावातल्या एकूण एक नवऱ्याला कळलं, आज काय आहे ते,” ती म्हणाली. “तू सोडून.”
व्याख्यानाचा विषय काढला नाही.

२६ ऑक्टोबर
फुलं कुठेच शिल्लक नाहीत. स्वालाला घेऊन बेकरीत गेलो. बनही संपलेले. काउंटरवर बेकरचा अर्ज: फ्रिग्गदिवस दरवर्षी साजरा व्हावा. एकशे त्रेचाळीस सह्या. वार मात्र रविवार. शुक्रवारी लोक दमलेले असतात म्हणे.
सहा आक्षेप ओठांवर होते. स्वालाने पेन पुढे केलं.
एकशे चव्वेचाळीस.