दोनशे आठ पानांची नक्कल

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही लिहिणे मला भाग पडले आहे. नागपूरच्या संस्थेच्या ॲपमध्ये रोजच्या कामाच्या नोंदीसाठी एक चौकोन आहे आणि त्यात साठ अक्षरे मावतात. श्रीमती अनुसयाबाई पटले यांच्या घरी सकाळी किती वाजता पोहोचले, एवढे लिहिले की चौकोन भरतो. काम लिहायला जागाच नाही. मी चौतीस वर्षे शाळेत काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. नोंदीशिवाय काम केले नाही, करणार नाही.

काम असे. बोदलकसा तलावाजवळच्या गावी अनुसयाबाईंकडे जुनी हस्तलिखित पोथी आहे. शके १५६० ची. पाने २०८, सुटी. दुसरी प्रत कुठेही नाही. फोटो काढायचे, मजकूर संगणकात आणायचा, मग नागपूरचे लोक त्यावर अभ्यास करणार. दोन्ही बाजू धरून फोटो ४१६. रोज चाळीस. म्हणजे अकरा दिवस. मजकुराला पंधरा. ३० नोव्हेंबरला सगळे संपलेले असेल.

संस्थेची प्रेरणा फोनवर म्हणाली, मॅडम, घाई नको, क्वालिटी बघा. मी बी.ए. झाले तेव्हा ही मुलगी जन्मलीही नव्हती.

५ नोव्हेंबर

तिरोड्याहून सकाळच्या बसने गेले. अनुसयाबाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात. पोथी पत्र्याच्या पेटीत, दोन लाकडी पाट्यांमध्ये, लाल फडक्यात. मध्ये वेखंडाचे तुकडे. तरी किड्यांनी कडा खाल्ल्या आहेत. बाई म्हणाल्या, पान हाती घेतलं का भुगा पडून राहिला. पोरगा रायपूरले राह्यते, माह्या मागं हिले कोन पाहीन?

मग चहा ठेवायच्या आधीच विचारले, पुरी लिहून होईन का जी? मी म्हटले, होईल. किती रोज लागतीन? मी म्हटले, तीस तारीख. त्यांनी बोटांवर मोजले आणि समाधानाने मान हलवली. माझ्यावर असा चटकन विश्वास टाकणारी माणसे आता कमी राहिली आहेत.

फोटो : शून्य. ॲप दिवसभर अपडेट होत होते.

६ नोव्हेंबर

फोटो बावीस. बाविसांवर माझ्या डोक्याची सावली. अनुसयाबाई मोबाइलमध्ये डोकावून म्हणाल्या, मॅडम, पोथीपेक्षा तुमचंच डोकं जास्त येऊन राहिलं जी. उद्यापासून दुसऱ्या बाजूने उभी राहणार. तसा एक दिवस सरावासाठी धरलेलाच होता.

७ नोव्हेंबर

दुसऱ्या बाजूने उभी राहिले. पाने उलटी आली. प्रेरणा म्हणाली, चालेल, ती फिरवता येतात. मग काल अनुसयाबाईंनी मला उगाच बोलून दाखवले.

१० नोव्हेंबर

ॲप दर फोटोनंतर सांगते, फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा काढा. तीन दिवस तेच. चष्मा पुसला, मोबाइल पुसला, पान पुसायला गेले तर अनुसयाबाईंनी माझा हात धरला. आज सेटिंगमध्ये शोधाशोध केल्यावर सूचना बंद करायचे बटण सापडले. ते दाबले. त्यानंतर एकही फोटो अस्पष्ट आला नाही.

दिवसाचे काम : सत्त्याण्णव फोटो.

१४ नोव्हेंबर

४१६ पूर्ण. धान कापणीमुळे बसला गर्दी, तीन दिवस उभ्याने प्रवास, तरीही पूर्ण. प्रेरणाला कळवले. ती म्हणाली, आता अपलोड करा. गावात रेंज नाही. तिरोड्यात घरी बसून दुपारपर्यंत तीन फोटो गेले. या गतीने मी पुढच्या पावसाळ्यापर्यंत बसले असते. मग 'कमी साइज' असा पर्याय दिसला. सगळे चाळीस मिनिटांत गेले. या मुलांना इतकी साधी गोष्ट सुचत नाही.

फोन भरला होता. मूळ फोटो काढून टाकले. फोन आता हलका चालतो.

१८ नोव्हेंबर

मजकूर. पद्धत अशी की वीस पाने आपण हाताने टाइप करायची, ती पाहून संगणक त्या लेखकाचे अक्षर शिकतो आणि उरलेली पाने स्वतः वाचतो. शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिले आहे. दिवसभरात सहा ओळी. डोळे चुरचुरतात. वर्गात असे अक्षर आले असते तर वही परत केली असती.

१९ नोव्हेंबर

पाच ओळी. दोन शब्द मला तीन तास कळले नाहीत. प्रेरणाचा नियम आहे की जे वाचता येत नाही तिथे फुल्या माराव्यात. फुल्या मारलेला मजकूर मी कोणाच्या हाती देऊ? इतकी वर्षे मराठी शिकवली, पुढे काय यायला हवे ते मला कळते. अर्थाला धरून भरून काढले. काम फार वेगाने होऊ लागले.

२१ नोव्हेंबर

वीस पाने टाइप झाली. संगणकाला दिली. त्याने उरलेली १८८ पाने अकरा मिनिटांत वाचली. मजकूर स्वच्छ, एकही फुली नाही. एकशे बाराव्या पानावर देव भक्ताला उशिरा येण्याचे कारण विचारतात आणि पुन्हा असे होणार नाही अशी हमी घेतात. त्या काळीही शिस्त होती तर. प्रस्तावना कोणी लिहावी याचा विचार करते आहे.

दुपारी अनुसयाबाईंनी शेजाऱ्याच्या फोनवरून विचारले, झाली का जी नक्कल? तपासणी बाकी आहे, हे मी सांगू शकले असते. पण काम चालू आहे असे उत्तर मी आयुष्यात कधी दिलेले नाही. म्हटले, झाली.

२४ नोव्हेंबर

अनुसयाबाईंसाठी एक प्रत छापून घेतली, लाल रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरे. नेऊन दिली. त्यांनी ती कपाळाला लावली. मग म्हणाल्या, कागदावर लिहून द्या जी, नक्कल पुरी झाली म्हून. दिले. 'मूळ पोथीबरहुकूम नक्कल पूर्ण', खाली सही, तारीख, बी.ए. मग म्हणाल्या, आता तीनदा म्हना, मोठ्यानं. त्यांच्या घरची काही रीत असावी. शेजारच्या चार बायका बोलावल्या होत्या. मी उभी राहून तीनदा म्हटले, पूर्ण झाली. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात.

अनुसयाबाई रडल्या. छपाई खरोखरच चांगली झाली आहे. माझी नारळ-खणाने ओटी भरली. साठीनंतर प्रथमच कोणी माझ्या कामाची कदर केली.

२७ नोव्हेंबर

प्रेरणाचा फोन. ४१६ पैकी एकसष्ट फोटो वाचण्यासारखे. बाकीचे टपाल तिकिटाएवढे, मोठे केले की धुके. तिने मूळ फोटो मागितले. मी सांगितले, फोन हलका केला. मग तिने विचारले की मजकुरातले किती मी स्वतः भरले. मी म्हटले, जेवढे आवश्यक तेवढे. त्याच्या खुणा केल्या आहेत का? नाही. कोणती अक्षरे त्या लेखकाची आणि कोणती माझी हे आता संगणकालाही सांगता येणार नाही, असे ती म्हणाली. मला तर अजिबात येणार नाही. ते मी बोलले नाही.

शेवटी तीच म्हणाली, टेन्शन घेऊ नका मॅडम, मूळ पोथी आहे ना, बस. आम्ही तीन तारखेला कॅमेरा आणि दिवे घेऊन येतो. खरे आहे. पोथी आहे. मला पंधरा वर्षांनी लहान झाल्यासारखे वाटले. या वेळी मी फक्त पान सरळ धरायचे काम करीन.

१ डिसेंबर, सोमवार

तीन तारखेला माणसे येणार हे अनुसयाबाईंना कळवायचे होते. शेजाऱ्याचा फोन लागत नाही. आज एकादशी, पूजेत असतील. उद्या समक्ष जाते.

२ डिसेंबर

पेटी अंगणात उन्हात, झाकण उघडे, आत काही नाही. अनुसयाबाई खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. काऊन उभ्या राह्यल्या जी, बसा ना. पोथी कुठे आहे, विचारले. त्यांनी तलावाकडे हात केला.

त्यांच्या घरी अशी चाल आहे की पोथी जीर्ण झाली की नक्कल करायची, आणि शहाण्या माणसाने ती पुरी झाल्याचे तीनदा सांगितले की जुनीला पाण्यात सोडायची. जुनी घरात ठेवणे म्हणजे तिचे हाल. सासऱ्याले नाई जमलं, त्याच्या बापाले नाई जमलं, त्या म्हणाल्या. नक्कल कराले मानूसच नाई भेटला. तशीच किड्यायले खाऊ घालत बसलो. तुमच्या हातानं सुटली बिचारी, मीही सुटलो. काल एकादशी पाहून गावातल्या सुकराम कोळ्याच्या डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, तलावाच्या मधोमध गेल्या आणि पोथी सोडली, लाल फडके, दोन्ही पाट्या, वर दगड. रात्री किती वर्षांनी सलग झोपल्या, ते सांगत राहिल्या.

सांगायला तोंड उघडले. त्यांनी हातावर शेंगा ठेवल्या. त्या खाल्ल्या.

तलावावर गेले. सुकराम जाळे वाळवत होता. जागा दाखव म्हटले तर पाण्याकडे पाहून हसला. कागद पान्यात किती रोज राहीन मॅडम, पिठावानी झाला असन. मग म्हणाला, तुमीच तं लिहून देल्लं होतं ना, आमी सारायनं वाचलं. आता कायले पाह्यता?

प्रेरणाला फोन करायला हवा होता. शेवटच्या बसपर्यंत काठावर रेंज आली नाही. घरी आल्यावर पूर्ण रेंज होती.

३ डिसेंबर

गाडी थेट अनुसयाबाईंच्या दारात आली. प्रेरणा, दोन माणसे, दिवे, स्टँड. मी दारातच सांगितले. कोणी आवाज चढवला नाही. चढवायला हवा होता. प्रेरणाने माझ्या हातचा तो कागद मागून घेतला, दोनदा वाचला आणि त्याचा फोटो काढला. अगदी स्पष्ट आला.

नवी प्रत खरी नाही हे बाईंना सांगायचे का, असे तिने मला बाजूला घेऊन विचारले. म्हणाली, तुम्ही ठरवा मॅडम. मी आजवर हजारो मुलांचे पास-नापास ठरवले. ठरवता आले नाही. तेवढ्यात अनुसयाबाई आतून लाल पुस्तक घेऊन आल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या, वाचा ना जी, मले कोठं वाचता येते. प्रेरणाने पुस्तक उघडले आणि एक अख्खे पान वाचून दाखवले. अनुसयाबाई हात जोडून ऐकत होत्या. मीही जोडले.

४ डिसेंबर

संस्थेच्या छापील फॉर्मवर सुपूर्द केलेल्या वस्तू. पेन ड्राइव्ह एक. त्यात फोटो ४१६, पैकी वाचनीय ६१. टाइप केलेली पाने वीस, त्यातला अंदाजाने भरलेला भाग कोणता, सांगता येत नाही. संगणकाने वाचलेली पाने १८८, अभ्यासासाठी निरुपयोगी. मोबाइल स्टँड एक, चालू स्थितीत. लाल बांधणीची प्रत अनुसयाबाईंकडे राहील. त्याबद्दल कोणी काही बोललेले नाही.

'मूळ प्रत सध्या कोणाच्या ताब्यात' हा रकाना प्रेरणाने रिकामा सोडून पेन माझ्यापुढे धरले. मी लिहिले, बोदलकसा तलाव. खाली सुपूर्द करणाऱ्याचे नाव आणि सही. तिथेही माझीच.