टाकीमागचे चार टायर

१२ जुलै, रविवार

—आणि शेवटी चौथाही सुटला. आडवा टाकून त्याच्यावर उभा राहिलो, उड्या मारल्या, तेव्हा रिम सोडली त्याने. साबणाचं पाणी, दोन पहारी, सोललेली बोटं. नवे चारही बसले. हवा धरली. बायको गॅलरीतून म्हणाली, "झालं समाधान? दुकानात अर्ध्या तासाचं काम!"

जुने चार गाडीशेजारी पडलेत. तीनदा हात धुतले. घास तोंडाशी नेला की तोच जळका, तेलकट वास. अर्धं ताट टाकलं.

१४ जुलै

टायरवाला म्हणतो, "आमच्याकडे बदलले असते तर ठेवून घेतले असते. आता नाही." भंगारवाल्याने हात लावला नाही. कचरागाडीवरचा तर हसलाच— "मास्तर, थट्टा करता का गरिबाची?"

१५ जुलै

दुपारी सगळे झोपलेले. चारही टायर गडगडत मागे नेले, पाण्याच्या टाकीमागे ठेवले. कोणी पाहिलं नाही. बायकोला सांगितलं, भंगारवाला घेऊन गेला.

२९ जुलै

आज टाकीमागे गेलो. पावसाचं पाणी साचलंय टायरांत. काळं, वर तवंग. आत अळ्या. शेकडो! वळवळत वर येतात, खाली जातात. ओतून टाकावं म्हणून एक टायर तिरपा केला, तर पाणी पायजम्यावर, चपलेत, बोटांच्या बेचक्यांत. ओकारी आली. बाकीचे तीन तसेच सोडून पळालो.

अंघोळ दोनदा.

२ ऑगस्ट

आरोग्य खात्याचा माणूस टाकीमागे बॅटरी मारून गेला. सोसायटीला नोटीस. सचिव जिन्यात सगळ्यांदेखत झाडूवालीवर ओरडले— "बाटल्या, पुठ्ठे गोळा करतेस ना? हे भंगारही तुझंच!"

ती म्हणाली, "बाटल्या माझ्या. टायर मी कशाला आणू? गळ्यात घालून मिरवू?"

लोक हसले. मीही हसलो.

४ ऑगस्ट

सचिव घरी आले. "मास्तर, तिला काढायचं पत्र तुम्हीच लिहा. तुमची भाषा चांगली. मी लिहिलं की लोकांना भांडण वाटतं." काम गेलं की तिची गेटजवळची खोलीही जाणार. हे त्यांनी सहज सांगितलं, बिस्किट बुडवता बुडवता.

नाही म्हणालो असतो तर 'का' विचारलं असतं.

लिहिलं. 'अनारोग्यकारक' हा शब्द घातला. एक वाक्य दोनदा सुधारलं— लय बिघडत होती. लय! शी.

५ ऑगस्ट

पत्रावर सात सह्या. माझी पहिली नाही, चौथी. एवढी काळजी घेतली मी.

७ ऑगस्ट

जिन्यात तिने गाठलं. बादली खाली ठेवली, हात पदराला पुसले. "मास्तर, महिनाअखेर खोली सोडायला सांगितलीय. आईला उठवतसुद्धा नाही जागेवरून, तिला घेऊन कुठे जाऊ? माझ्याविरुद्ध पत्र दिलंय म्हणे. कोणी लिहिलं ते सांगत नाहीत मेले. तुम्ही माझ्या बाजूनं एक लिहून द्याल? तुमच्यासारखं कोण लिहिणार इथं!"

"बघतो," म्हणालो.

बघतो! वर येऊन दार लावलं. खालून झाडूचा आवाज येत होता, एकेक पायरी. माझ्या दारापुढे तिने नेहमीसारखं पायपुसणं उचलून झटकलं, परत नीट घातलं. मी आत उभा. अळ्यांची आली होती त्याहून मोठी किळस.

८ ऑगस्ट

बायकोला सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "आणि मी नोटीस आली त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. तुझ्या टायरांपायी." थोड्या वेळाने— "उद्या सकाळी जा. नाहीतर मी जाते."

जाणार. पत्र फाडायला लावणार. लोकांसमोर सांगायला लागलं तरी चालेल.

९ ऑगस्ट

सकाळी आठला सचिवांकडे गेलो. टायर माझे, म्हणालो.

"माहीत आहे की! गॅलरीतून पाहिलं ना मी. म्हणून तर पत्र तुमच्याकडून लिहून घेतलं, मास्तर. माझ्या मेव्हण्याची माणसं एक तारखेपासून येतायत झाडायला. बसा."

बसलो. चहा आला. प्यायलो.