इथेलवाल्यांनी मागे बसावे

कुम हेलिग,
शनिवार, २२ नोव्हेंबर

ती. मेइनिरवहिनींना धाकट्या दिराचा मनापासून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? रेक्समला इकडच्यापेक्षा थंडी कमी असते म्हणतात, पण तुमच्या मागच्या दाराखालची फट दादाने शेवटपर्यंत बुजवली नसणार, हे मी पैजेवर सांगतो. (अकरा वर्षांत मी ते दार पाहिलेलं नाही, तरीही सांगतो.) माझं बरं चाललंय. खोकला आहे, पण तो आता घरचाच झालाय. चॅपेलात प्रार्थनेला आम्ही सहाजण उरलो आहोत. त्यातले दोघे ठार बहिरे असल्यामुळे गाणं फार छान होतं, असं निदान त्या दोघांचं मत आहे.

तुमचं कार्ड पोचलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ: 'इथेल, तू का आला नाहीस?' चाळीस वर्षं मी या खोऱ्यात लोकांची टपालं वाटली, पण इतकं जड पाकीट कधी हातात आलं नव्हतं. आठ दिवस ते चहाच्या डब्यामागे लपवून ठेवलं. आता उत्तर देतो, पण जरा वळसा घालून येतो. मला मुळापासून सांगितल्याशिवाय जमत नाही, आणि दादा त्यावरून माझी किती टिंगल करायचा ते तुम्हाला माहीत आहेच.

आमच्या आईचं गाणं तुम्ही ऐकलेलं आहे. पाटीच्या दगडाच्या खाणीतून नवरा खाली आलाच नाही, म्हणून त्याची बायको, म्हणजे आमची आजीच, डोंगराला म्हणते, 'उतरव त्याला, रस्सा निवतोय.' आमच्या गावात हे गाणं फक्त मातीच्या वेळी म्हणायचं. टोप्या काढून, ठेका न धरता, एकदाच. तिसऱ्या कडव्यात खालचा सूर एकटा सुरू होतो आणि अर्ध्या ओळीनंतर वरचा सूर त्याला येऊन मिळतो. खालचा मी, वरचा दादा. पन्नास वर्षांत आम्ही दोघांनी निम्मं गाव असं पोचवलं. शेवटी आईलाही.

आणि मग आई जाऊन वर्ष झालं नाही तोच या तुमच्या नवऱ्याने, हरलेल्या फुटबॉल मॅचहून परत येताना आगगाडीत, चारशे रडवेल्या लोकांसमोर ते गाणं म्हटलं. 'मयतच झालंय आज, तर मयताचं गाणं म्हणू,' असं म्हणाला म्हणे. पुढच्या मॅचला लोकांनी त्याला ढोल लावला. त्याच्या पुढच्या मॅचला उड्या. आता कार्डिफच्या मैदानावर तीस हजार माणसं डोक्यावर बादलीसारख्या टोप्या घालून (शुद्धीवर असलेला माणूस तसली टोपी घालेल का, सांगा) आमच्या आजीच्या दुःखावर नाचतात. मी दादाला पत्र लिहिलं की तू दोन ग्लास बिअरसाठी आईला विकलंस, पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस. तो आला नाही. मोठ्यांनी धाकट्यांचं इतकं ऐकू नये, वहिनी. मी वाट पाहत होतो.

आता तुमच्या ओळीचं उत्तर. दादाच्या मातीला मी आलो होतो. काळा कोट घालून, दोन बस बदलून, कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत आलो होतो. आत मॅचवाल्यांच्या त्या लाल टोप्या दिसल्या आणि मला राग आला, असं मी गावात सगळ्यांना सांगितलं. तुम्हाला खरं सांगतो. पहिली दोन कडवी झाली आणि ते सगळे थांबले. आता खालच्या सुराने सुरुवात करायची होती. ती माझी जागा. मी तोंड उघडलं, आणि मनात आलं, मी सुरू केलं तर वरून येणार कोण? जो यायचा तो तर शवपेटीत. तोंड तसंच मिटलं, आणि मिळेल त्या बसने मी परत आलो. हे एवढंच आहे, वहिनी. तीन महिने मला ते कुणाला सांगता आलं नाही.

त्यानंतर गेल्या महिन्यात नेस्ट नावाची बाई माझ्या दारात उभी राहिली. ही समर्थकांची पुढारी. एरवी केस कापते, मॅचला ढोल बडवते, आणि तिच्याकडे पाहिल्यावर ढोलाची दया येते. म्हणाली, "इथेलकाका, पुढच्या मॅचला गोरॉन्वीदादांसाठी गाणं म्हणायचंय. तुम्ही पुढे उभं राहायचं. दादा सांगून गेलेत, 'गाणं सरळ करून हवं असेल तर माझ्या भावाला बोलवा. तो तुमचा पाणउतारा करेल, पण सूर लावून देईल.'"

पाणउतारा करायची अशी परवानगी आयुष्यात एकदाच मिळते. मी गेलो.

मैदानाच्या मधोमध मला एका खोक्यावर उभं केलं. अकरा अधिक अकरा खेळाडू रांगेत, पंच शिट्टी घेऊन तयार. मी हात वर केला, त्यांनी सुरुवात केली. आता तुम्ही मला ओळखता. चॅपेलात चाळीस वर्षं मी पुढे उभं राहून गाणं चालवलंय. सूर ढळला की थांबवायचं, दोन शब्द सुनावायचे, पुन्हा म्हणून घ्यायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. हाताला काय कळतं की हे चॅपेल नव्हे? दुसऱ्या ओळीला मी माईकमध्ये ओरडलो, "थांबा, थांबा! वरच्या मजल्यावरच्यांनो, दूध उतू चाललंय का घरी? पळता कुठे? आणि टोप्या काढा आधी. मातीला आलात की जत्रेला?"

वहिनी, तीस हजार माणसं गप्प झाली. तीस हजार टोप्या खाली आल्या. पंच घड्याळाकडे पाहायला लागला. नेस्ट खालून कुजबुजली, "काका, मॅच आहे हो!" मी म्हटलं, "मॅच कुठे पळून जातेय? पुन्हा, पहिल्यापासून." समोरच्या संघातली पोरं थंडीने निळी पडली होती. (त्यांनी पुढे त्याचा सूड घेतला. तीन शून्य. पेपरात माझं नावही आलं, आणि कौतुकासाठी नव्हे.)

पहिली दोन कडवी त्यांनी नीट म्हटली. संथ, ठेका न धरता. मग मी त्यांना हातानेच थांबवलं. तिसरं कडवं या नाचऱ्यांना येतच नाही, असं मी अकरा वर्षं गावभर सांगत आलो होतो. ते मी एकटा म्हणून दाखवणार होतो, दादासाठी. श्वास घेतला, आणि गळा पुन्हा त्या फाटकापाशी अडकला.

तेव्हा गोलमागे उभ्या असलेल्या लोकांतून खालचा सूर आला. माझा सूर. कुठे श्वास घ्यायचा, 'डोंगर'वर किती रेंगाळायचं, सगळं माझं. पाच हजार गळ्यांतून मी स्वतःला ऐकत होतो. मी खोक्यावरून खाली नेस्टकडे पाहिलं. ती रडत होती आणि हसतही होती. "दादांनी आगगाडीत बसवून घेतलंय आमच्याकडून," म्हणाली. "दर मॅचला. खालच्या सुराला आम्ही 'इथेल' म्हणतो, काका. नाव त्यांनीच ठेवलेलं. गाडीत चढलं की ओरडायचे, 'इथेलवाले मागे बसा! तुमच्याशिवाय मला वर जाता येत नाही.'"

अर्धी ओळ सरत आली होती. वरचा सूर लागायला हवा होता. मी दादाचा सूर धरला. माझ्या पट्टीबाहेरचा, फाटलेला, माईकमधून सगळ्या देशाला ऐकू गेलेला. कुणी हसलं नाही. मलाच कुणीतरी थांबवायला हवं होतं, पण थांबवणारा मीच होतो.

अकरा वर्षं मी त्याला शब्दही पाठवला नाही, वहिनी, आणि तो गाडी-गाडीत माझं नाव घेत होता. मला फार वाईट वाटतं. याहून बरं वाक्य मला सुचत नाही.

तब्येतीला जपा. ती फट बुजवून घ्या.

तुमचा,
इथेल

ता. क. हे पत्र क्षमा मागण्यासाठी लिहिलेलं नाही, असं मी सुरुवातीला लिहिणार होतो. विसरलो.

दुसरा ता. क. दादाची ती बादलीटोपी तुम्ही कुणाला देऊन टाकली नसेल, तर ठेवा. माझं डोकं त्याच्यापेक्षा मोठं आहे, पण दाबून बसवीन.

तिसरा ता. क. येत्या शनिवारी दहाच्या बसने मी येतोय. या वेळी फाटकाच्या आत. तिसरं कडवं मी सुरू करेन, वरचा सूर तुम्ही घ्यायचा. तुम्हाला सुरात गाता येत नाही, हे लग्नाच्या दिवशीच दादाने माझ्या कानात सांगितलं होतं. तरी घ्या. मी थांबवणार नाही.