तीन रविवारांची अट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या तयार करणे, धर्म ख्रिस्ती, लूथरन मंडळीची सभासद, आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात थरथरतो, डोकं थरथरत नाही, असा त्याचा मथितार्थ.

शेवटचं वाक्य सोडलं तर एवढा मजकूर वकीलसाहेबांचा. इथून पुढचा माझा. त्यांनी कलमांचे आकडे तेवढे घातले आणि मधूनमधून "काकू, हे लिहायची गरज आहे का?" असं विचारलं. गरज आहे.

कलम १. माझा देह मंडळीच्या दफनभूमीत आमच्या ह्यांच्या शेजारी ठेवावा. पेटी साधी असावी. पाळकबाईंनी त्या दिवशी माझ्यावर प्रवचन करू नये आणि मी किती चांगली होते याबद्दल कोणी अवाक्षर काढू नये. माणूस देवापुढे स्वतःच्या चांगुलपणावर उभा राहत नाही, त्याच्या कृपेवर उभा राहतो, असं आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात. जन्मभर ते म्हणायचं आणि मेल्यावर पेटीपाशी गुणांची जंत्री वाचायची, हा काय प्रकार? गाणी मात्र सगळ्यांनी म्हणावीत, तोंड उघडून. मंडळीतल्या निम्म्या तोंडांत माझं काम आहे, त्यामुळे पुटपुटायला कोणाला सबब नाही.

कलम २. कामाची खोली सोडून राहतं घर, भांडीकुंडी आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीस द्यावी. ती शाळेत गणित शिकवते आणि घरातही शिकवते. वकीलसाहेब लिहीत होते, "तिने माझी सेवा केली म्हणून." ते मी काढायला लावलं. ती माझी मुलगी आहे म्हणून देते. तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं तर चार शब्द सुनावले असते, पण घर तिचंच असतं.

कलम ३. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या काकांना माझी मोठी छत्री द्यावी. ती तशीही त्यांच्याकडेच आहे.

कलम ४. रस्त्याच्या बाजूची, वेगळ्या दाराची कामाची खोली. तीतलं खिडकीखालचं लांब टेबल, पॉलिशचं मशीन, साचे, मेणाचे चाकू, स्पिरिटचा दिवा, दातांच्या रंगांचे नमुने आणि कपाटातले प्लास्टरचे जबडे (ज्यांचे मालक वारले ते फोडून टाकावेत, मला स्वतःला जमलं नाही), हे सगळं माझ्या भाच्यास, म्हणजे माझ्या कैलासवासी नव्हे, प्रभूत निजलेल्या धाकट्या बहिणीच्या मुलास द्यावं, जर त्याने भर मंडळीत उभं राहून माझी माफी मागितली, आणि जर त्याने शनिवारचं फुकट काम चालू ठेवण्याचं लेखी वचन दिलं.

कलम ४ चा खुलासा. वरच्या कलमातला पहिल्या "जर"पासून शेवटपर्यंतचा मजकूर मी खोडला आहे आणि खोडल्या जागी सही केली आहे. तो का खोडला हे मृत्युपत्रात येऊ नये असं वकीलसाहेबांचं मत. मला वाटतं इथेच यावं. म्हातारीला कोणी भुरळ घातली असं उद्या म्हणायला नको.

बहीण गेली तेव्हापासून भाचा याच घरात वाढला आणि माझ्या हाताखाली शिकला. हात सोन्याचा. माझ्यापेक्षा चांगला, हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे आणि लिहिताना जिवावर येतं आहे. मला हे काम वडिलांनी शिकवलं. ते म्हणायचे, "पाळकाचं काम वेदीपाशी, आपलं टाळूपाशी. देवाला दोन्ही सारखीच, तेव्हा घासताना आळस करायचा नाही." भाच्याला मी हेच सांगून शिकवलं. शनिवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत, ज्यांना परवडत नाही अशांची मापं आम्ही दोघं घ्यायचो आणि कवळ्या इथे आणून करायचो. कोण कुठला, कोणत्या देवाचा, हे विचारायचं नाही. सामानाचा खर्च मंडळी उचलायची.

पुढे भाचा मंडळीच्या समितीत निवडून आला आणि नऊ वर्षांपूर्वी त्यानं ठराव आणला. ज्याला फुकट कवळी हवी त्यानं आधी तीन रविवार उपासनेला यावं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो उभा राहून म्हणाला, "मावशी, लोक दात घेऊन जातात आणि परत तोंड दाखवत नाहीत."

मी म्हटलं, "अरे, चारचौघांत तोंड दाखवता यावं म्हणूनच दिले ना दात?"

सगळे हसले. पण मतदानाला हात त्याच्या बाजूनं वर झाले. हात वर करणारे वाईट नव्हते. सामान महागलं होतं, बाक रिकामे पडत होते, आणि माणसं यावीत असं कोणाला वाटणार नाही?

मग एक म्हातारा आला. सरकारी कचेरीत लिफ्ट चालवून निवृत्त झालेला, तोंडात एकही दात नाही. बिचारा तीन रविवार शेवटच्या बाकावर बसला. आमची गाणी त्याला येत नव्हती, पण उभं राहायचं तेव्हा उभा राहायचा, बसायचं तेव्हा बसायचा. तिसऱ्या रविवारी त्यानं मला दारात गाठलं आणि हात जोडून विचारलं, "बाई, भरले ना माझे तीन?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी त्याच्याबरोबर घरी आले, त्याचं माप घेतलं, आणि त्या दिवसापासून शनिवार या खोलीत, माझ्या खर्चानं, बिनअटीचा चालवला. भाच्यानं रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान थाटलं. माझी अर्धी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून गेली. कवळ्या चांगल्या करतो म्हणून गेली, ते तर मला जास्त झोंबलं.

तेव्हापासून आमचा अबोला. प्रभुभोजनाला आम्ही वेदीपुढे ओळीनं गुडघे टेकतो आणि एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागतो. तो उजवीकडे गेला की मी डावीकडे. एका प्याल्यातून प्यायचं आणि रस्त्यात तोंड फिरवायचं. माणूस एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही, असं आमची मंडळी मानते. यातल्या दुसऱ्या भागात आम्ही मावशी-भाच्यांनी काही कमी पडू दिलं नाही.

मागच्या आठवड्यात मी पाळकबाईंना साक्षीदार म्हणून बोलावलं. त्या माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत, पण गळ्याशी पांढरी पट्टी आहे म्हणून मी अहो-जाहो करते. त्यांनी सगळं वाचलं. छत्रीपाशी हसल्या. कलम चारपाशी थांबल्या आणि चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या.

"काकू, हे तुमचे तीन रविवार झाले."

मी म्हटलं, "तुम्हाला सही करायला बोलावलंय, प्रवचन द्यायला नाही."

"बरं," म्हणाल्या आणि पेन उघडलं. सही करायला तयार होत्या हो त्या! त्यानंच माझी पंचाईत झाली. मी म्हटलं, थांबा. त्या थांबल्या. चहा झाला, तो गार झाला, दुसरा झाला. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. मी मान धरत नव्हते तेव्हा माझा बाप्तिस्मा झाला. त्या वयात मी कोणाची माफी मागितली होती, की कसलं लेखी वचन दिलं होतं? तरी देवानं मला आपलं म्हटलं. हे मी रविवारच्या शाळेत पोरांकडून पाठ करून घेतलं आहे. भाच्याकडूनही घेतलं आहे. मी त्यांच्यादेखत ओळ खोडली.

खोडली खरी, पण खरा पेच तिथूनच सुरू झाला, आणि तो माझ्या मुलीनं नेमका ओळखला. माफी गेली चुलीत. शनिवारचं काय? माझे हात आता काम करत नाहीत. मेण कापायला जावं तर दात वाकडा बसतो. आजही शनिवारी दारात माणसं येतात, मी मापं घेते आणि पुढचं काम बाहेर देते, म्हणजे पदरमोड. मी गेल्यावर हे काम करू शकेल असा एकच माणूस या रस्त्यावर आहे. मुलगी म्हणाली, "आई, माफीचं खोडलंस ते छान केलंस. पण शनिवारचं तरी ठेव. तो खोली विकून मोकळा होईल, मग त्या माणसांनी काय करायचं?"

तिचं चुकलं असं मी म्हणू शकले नाही. अजूनही म्हणत नाही. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. मी अट घातली तर तो अटीसाठी माणसांच्या तोंडात हात घालील, जसा तो म्हातारा दातांसाठी बाकावर बसला होता. नाही घातली तर कदाचित कोणीच हात घालणार नाही. वकीलसाहेब म्हणाले, "निदान देण्याचं कारण तरी लिहा. कोर्टाला कारण लागतं." मी म्हटलं, कारण नाही, असं लिहा. त्यांनी कपाळाला हात लावला.

काल मुलगी रस्ता ओलांडून गेली आणि भाच्याला खोलीचं सांगून आली. मी पाठवलं नव्हतं. संध्याकाळी तो आला, एप्रनवर प्लास्टर तसंच. नऊ वर्षांत केस पार पांढरे झालेत, हे मी जवळून पहिल्यांदाच पाहिलं. बसला नाही.

"मावशी, अट काय आहे?"

"अट नाही."

"असं कसं? शनिवारचं काही तरी असेलच ना."

"खोडलं."

"आणि मी शनिवारी दार उघडलंच नाही तर?"

"तर नाही उघडलंस. खोली तुझी."

त्यानं टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. मला वाटलं आता विरघळेल. कसला विरघळतोय! चिडला. आवाज चढला. "हे बरं आहे तुझं! मी तुझी गिऱ्हाइकं नेली. मंडळीत तुला पाडलं. माझ्या तोंडावर चार शब्द फेक, माफी मागायला लाव, काही तरी अट घाल की मला! असं फुकट कसं घेऊ मी?"

मला रडू आलं. लपवत नाही. मी म्हटलं, "बाळा, मलाही असं द्यायला जमत नव्हतं. आत्ता कुठे जमतंय, मोडता घालू नकोस."

तो वळला आणि निघून गेला. दारासमोरच्या पायऱ्यांवर पाय आपटत गेला, लहानपणी जायचा तसाच. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

कलम ५. सबब कलम ४ मधली मिळकत भाच्यास विनाअट देते. कारण नाही. तो त्या जागी काय करील त्याबद्दल माझ्या मुलीने, मंडळीने किंवा समितीने त्याला जाब विचारू नये. वकीलसाहेबांचा सल्ला असा की त्याचा निर्णय कळेपर्यंत सही लांबवावी. मी लांबवत नाही. त्याचं उत्तर ऐकून सही केली तर मी पुन्हा ते तीन रविवारच मोजले असं होईल. मी गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी माझ्या दारात माणसं येऊन उभी राहतील. दार उघडेल की नाही, मला माहीत नाही. मला भीती वाटते. किल्ली त्याची आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला मान्य आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष सही करते. हात थरथरल्यामुळे सही वाकडी आली आहे, ती माझीच आहे.

सही : (कवळीकाकू या नावाने मंडळीत ओळखली जाणारी)

आम्ही दोघांनी काकूंना सही करताना एका वेळी, एका खोलीत, डोळ्यांनी पाहिले. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार १ : मंडळीच्या पाळकबाई. (सही)

साक्षीदार २ : गल्लीतला विजेची कामे करणारा, वरची कवळी काकूंची, खालची त्यांच्या भाच्याची, दोन्ही नीट बसतात. (सही)

ठिकाण : कामाची खोली.
दिनांक : बारा मार्च, मंगळवार.