न्हाणीघरापासून गाडीपर्यंत

३ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, पत्र मात्र तू शेजारच्या टायपिस्टबाईंकडून दोनदा वाचून घेतेस, म्हणून लिहिते आहे.

विजेवर चालणारी गाडी घेतली. मामाची अट तुला ठाऊक आहेच. डिसेंबरात तू पडलीस, तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं: दर आठवड्याला कुणी मुक्कामाला येणार असेल तरच आईने त्या घरात एकटं राहावं, नाहीतर मार्चअखेर घराला कुलूप आणि आई माझ्याकडे. मुक्कामाला मी येईन. अडचण एवढीच की गाडी एका दमात दोनशे किलोमीटर जाते आणि तुझं घर एकशे तीसवर आहे. म्हणजे येणं होईल, परतणं व्हायचं नाही. गाडी तुझ्याच घरी चार्ज व्हायला हवी.

त्यासाठी केबल घ्यायची आहे. तुझ्याकडे जाड पिनांचं सॉकेट एकच, न्हाणीघराबाहेर गीझरचं. तिथून भिंतीच्या कडेकडेने, दारातून बाहेर, गाडी उभी राहील तिथवर किती अंतर आहे ते मोजून कळव. नीट मोज. पुडा फोडल्यावर दुकानदार केबल परत घेत नाही.

लोभाला कात्री लावू नये, ही विनंती.

तुझी,
टाचणी


९ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. बाईंनी दोनदाच वाचलं, तिसऱ्यांदा म्हटलं तर त्यांचा घसा बसला. सदतीस वर्षं कचेरीत साहेबांचं सांगणं टाइप करत होत्या, त्यामुळे माझंही सांगणं सुधारायला बघतात. मी बोलते तसंच लिहा, अशी ताकीद दिली आहे. ही ताकीदही लिहा म्हटलं.

नवरा बघ म्हटलं की तुला वेळ नसतो, गाडी मात्र तीन महिने बघितलीस. पण ती म्हणे आवाज करत नाही. मग निवड चुकलेली नाही.

आता मापाचं. मला आकडे येत नाहीत आणि बाईंना वाकता येत नाही, तेव्हा माझ्या पद्धतीने घेतलं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक दोरा, त्यावर गाठी, दोरा खिळ्याला. कुणाची बाही आखूड झाली नाही. तसाच दोरा पाकिटात घातला आहे. पहिली गाठ सॉकेटची, दुसरी कोपऱ्याची, तिसरी दाराची, शेवटची गाडीची. गाडी नव्हती म्हणून त्या जागी बाईंना उभं केलं. रुंदीला तेवढ्याच भरतात. हे वाक्य त्या लिहीत नव्हत्या.

मामा रविवारी येऊन गेला. माझ्यासाठी खोली रंगवायला काढली म्हणाला. रंग कोणता ते मात्र विचारलं नाही.

जेवणाकडे लक्ष दे. माझी माया जागेवर आहे, तुझीही असू दे.

तुझी आजी


१६ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

दोरा मिळाला. टेबलावर ताणून मोजला, चार मीटर सत्तर भरला. दुकानात केबल दोन मापांच्या होत्या. पाच मीटरची हलकी, गुंडाळायला सोपी. दहाची उचलतानाच खांदा उतरतो. मध्ये एक्स्टेंशन जोडायचं नाही, ते तापून वितळतं, हे दुकानदाराने तीनदा सांगितलं. पाचची घेतली, पुडा फोडून लावून पाहिली, चालते.

शनिवारी येते. मामालाही बोलावलं आहे. त्याने एकदा डोळ्यांनी बघावं.

लोभ आहे त्यात चार बोटं वाढवून ठेव.

तुझी,
टाचणी


२५ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

घरी पोचले. गाडी मामाच्या ओळखीच्या ट्रकवर चढवून आणली. दर आठवड्याला असा ट्रक मिळणार नाही.

केबल तुझ्या बाहेरच्या खोलीच्या मध्यावर संपली, तेव्हा तू शांतपणे म्हणालीस की कापड दुहेरी घालून कापतात, म्हणून दोऱ्यावर निम्मंच माप धरायचं, हे काय सांगायला लागतं का. मला लागतं, आजी. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. अंतर कमी वाटत होतं, पण तुझं माप कधी चुकलेलं नाही म्हणून मी स्वतःलाच गप्प बसवलं.

दहाची घेता येईल. पण ती न्हाणीघरापासून दारापर्यंत तुझ्या चालायच्या वाटेवर रात्रभर पडून राहणार. मामाने निघताना तेवढंच विचारलं, की जी पडली म्हणून हे सगळं चाललं आहे, तिच्याच पायात दोर घालायचा का. मला वाटतं, तू एकदा मामाने रंगवायला काढलेली ती खोली बघून यावीस.

रागावू नकोस. लोभ असेल तेवढा असू दे.

तुझी,
टाचणी


५ मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

खोली बघून ये म्हणजे काय, मला कुठे स्थळ आलं आहे?

दोऱ्याचं माझं चुकलं. जिला शिवायचं नाही तिला शिवणाचं माप दिलं. झालं.

तू गेल्यावर वायरमनला बोलावलं. घरभर फिरून म्हणाला, मीटर पुढच्या भिंतीवर आहे, तर जाड सॉकेट रस्त्याकडच्या खिडकीखाली बसवतो, अर्थिंगसकट. खिडकीतून केबल थेट गाडीला, पाचची पुरून उरेल, घरात जमिनीवर काही नाही. एका दुपारचं काम. फक्त तिथलं शिलाई मशीन हलवावं लागेल. मी म्हटलं, मशीन हलणार नाही, उजेड तिथेच येतो. तो हत्यारं गोळा करून गेला.

चार दिवस मी मशीनसमोर बसून काढले. आता जे सांगते ते बाईंनाही आत्ताच कळतं आहे, पेन थांबलं आहे त्यांचं. वर्ष झालं, मला सुईत दोरा ओवता येत नाही. लांबचं सगळं दिसतं, मामाच्या कपाळावरची आठी रस्त्यापासून दिसते. जवळचं गेलं. तू आलीस की विचारायचीस, काय शिवतेस, आणि मी पायडल मारून दाखवायची. सुई रिकामी असायची. दिवसभर लोकांचे डोळे तपासतेस आणि घरच्याच म्हातारीने तुला वर्षभर गंडवलं. दुकानात बोलू नकोस, गिऱ्हाईक तुटेल.

उजेड मशीनला लागत होता. मशीन मला लागत होतं ते मी अजून शिवते असं लोकांना दिसावं म्हणून. हे कळायला चार दिवस लागले, आणि कळल्यावर फारसं बरं वाटलं नाही.

वायरमन परत आला. मशीन आतल्या खोलीत गेलं, त्याच्यावर पांघरुणांची चळत ठेवली आहे. सॉकेट बसलं. शनिवारी ये. डोळे तपासायची ती पेटीही आण. मामाला मी कळवते.

माया कमीजास्त होऊ देऊ नकोस, सरळ शिवण ठेव.

तुझी आजी


१७ मार्च

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

पोचल्याचं कळलं. परतल्यावरही गाडीत वीज उरली होती, हे बाईंनी मला वाचून दाखवलं आणि स्वतःच्या मनाने गल्लीतही सांगून आल्या. तू केबल गुंडाळून नेलीस, पण तिच्याबरोबर माझा टॉवेलही गुंडाळून नेलास. तो आण. माझ्या चष्म्याची काच घासून झाली की तीही आण, घाई नाही. माया चालू ठेव.

तुझी आजी

ता. क. रविवारी सकाळी तू आंघोळीला गेली होतीस तेव्हाचं सांगायचं राहिलं. मामा आला होता. गाडीभोवती फेरी मारली, केबल खिडकीतून कुठे जाते ते वाकून बघितलं, मग आत येऊन जमीन बघितली. मशीन होतं तिथे फरशीवर चार पायांचे डाग आहेत, तिथे जरा वेळ उभा राहिला. लहानपणी तो तिथेच मशीनखाली बसून अभ्यास करायचा. खोलीचं विचारलं तर म्हणाला, रंग वाळू दे, मुलं वापरतील. जाता जाता बाईंना विचारलं, गाडी चार्ज व्हायला वेळ किती लागतो. बाई म्हणाल्या, दहा तास. तो म्हणाला, फारच लागतो. मी म्हटलं, मला कमीच वाटला.